कप्तानाचा सौदा

“नवे खेळाडू निवडायच्या पहिल्या फेरीतल्या दोन पाळ्या मिळत असतील तर मी माझी सासूसुद्धा देऊन टाकीन,” मरे म्हणाला.

“तुझ्या सासूला सातव्या फेरीतही कुणी विचारणार नाही.” लोर्नानं त्याच्याच बशीतला डोनट मोडून घेतला.

ओरेस्ट वासिलिक हसला नाही. रिंकच्या कँटीनमधलं त्याचं टेबल काचेला लागून होतं. खाली बर्फावर बॅजर्सचा, गावच्या आइस हॉकी संघाचा, सराव चालला होता. अकरा नंबरचा डॉसन मात्र दिसत नव्हता.

“पाळ्या, पाळ्या! पाळ्या काय स्केट्स बांधून गोल मारतात? चार वर्षं झाली, संघाची नवी उभारणी चाललीय. एवढ्यात चर्च बांधून होतं, वर घंटाही वाजते.”

“अरे, पण ड्राफ्टमध्ये चांगली पोरं उचलायची तर पाळी आधी नको यायला? शेवटी शेवटी उरतो तो गाळ,” मरे म्हणाला. “ डॉसनचं इथलं हे शेवटचं वर्ष. वसंतात जाणारच आहे तो. आत्ता दिला तर काहीतरी हाती लागेल.”

“कप्तान आहे तो. बटाट्याचं पोतं नाही.”

ओरेस्टचा चिडखोरपणा गावाला नवा नव्हता. पण डॉसनचा विषय निघाला की कुणी फार ताणत नसे. बाहेरगावची पोरं खेळायला आली की गावातली कुटुंबं त्यांना घरी ठेवून घेत. डॉसन सोळाव्या वर्षी ओरेस्ट आणि त्याची बायको डार्लीन यांच्याकडे आला. डार्लीन वारली, त्यालाही आता दोन हिवाळे झाले. तेव्हापासून घरात दोघंच. दारातला बर्फ डॉसन उपसायचा, आणि बटाटा भरलेली पिरोगी चिकटू न देता उकळायलाही तो शिकला होता.

आज दुपारी खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपत होती. सौदा झाला तर डॉसन आजच पश्चिमेला, किनाऱ्यावरच्या पहिल्या नंबरच्या संघाकडे निघणार. नाही झाला, तर हंगाम संपेपर्यंत ओरेस्टच्या घरी.

“तिकडे गेला तर पोरगं मोठ्या लीगवाल्यांच्या नजरेत तरी येईल,” लोर्ना हळूच म्हणाली. ती शाळेची बस चालवायची, गावातलं प्रत्येक पोर तिला ठाऊक होतं. “इथे शेवटून पहिल्या संघाला बघायला येतंय कोण? उन्हाळ्यात बापाच्या लाकडाच्या गिरणीत उभा राहील झालं.”

“पण त्याच्या होकाराशिवाय त्याला देता येत नाही,” मरे म्हणाला. “आणि दोनदा नाही म्हणालाय म्हणे. या म्हाताऱ्यापायी.”

“हट्टी आहे,” ओरेस्ट म्हणाला.

“तुझ्याकडूनच शिकलाय,” मरे म्हणाला. “ सकाळी त्याच्या गाडीत पेट्रोल भरत होतास ना? लाड किती करशील!”

“उणे तीसमध्ये टाकी रिकामी ठेवायची नसते. एवढंही कळत नाही तुला?”

तेवढ्यात दार उघडलं. थंडीचा लोट आणि पाठोपाठ ग्रँट टेस्की आत आला. संघाचा मॅनेजर.

ओरेस्ट उठून उभा राहिला.

“काय रे, विकलास का आमचा कप्तान?”

“कॉफी घेऊ दे, ओरेस्ट.”

“कॉफी मग! होकार दिला का त्यानं, ते सांग.”

ग्रँटनं मान हलवली. “अजून भेटलो नाही आज. आता बोलावलंय त्याला.”

“मग इथे काय झक मारतोयस? गोलकीपर विकला, दोन बचाववाले विकले, तेव्हा तर तुझी जीभ सुरीसारखी चालत होती!”

“ओरेस्ट, बस खाली,” लोर्नानं त्याची बाही ओढली.

ग्रँट लाल झाला. त्यानं ओरेस्टकडे एकदा पाहिलं. कॉफी न घेताच तो निघून गेला.

“गावात कुणी त्याला इतकं बोललं नसेल,” मरे म्हणाला.

“थोडंच बोललो.”

जेवणवेळ टळून गेल्यावर मरेचा फोन किणकिणला. सौदा झाला होता. पहिल्या फेरीतल्या दोन पाळ्या. मरेनं टाळी वाजवायला हात उचलले, ओरेस्टचा चेहरा पाहिला आणि हात खिशात घातले.

ओरेस्ट घरी आला तेव्हा डॉसन सामानाच्या पिशवीवर गुडघा रोवून चेन ओढत होता. डोळे सुजलेले.

“ग्रँट म्हणाला, तुझे पाय जड झालेत. ड्रेसिंग रूममध्ये तू कुणालाच नकोयस. तोंडावर म्हणाला! तीन वर्षं मार खाल्ला मी या संघासाठी.” त्यानं चेन हिसडली. “मला जायचंच नव्हतं रे म्हातारबा. तुला एकटं टाकून... पण तसं ऐकल्यावर कोण थांबेल? दिला होकार.”

“गाढव आहे तो माणूस,” ओरेस्ट म्हणाला. “पिरोगीचा डबा पुढच्या सीटवर ठेवलाय. फावडं आणि घोंगडी डिकीत आहे.”

दारात डॉसननं त्याला घट्ट धरलं. ओरेस्टनं त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि उजेड आहे तोवर नीघ म्हणून दटावलं.

गाडी वळणाआड गेली. दारातला बर्फ सकाळीच उपसून झाला होता, तरी ओरेस्ट फावडं घेऊन उभा राहिला. खिशातला फोन वाजला. ग्रँट होता.

“निघाला?”

“निघाला.”

ओरेस्टनं फावडं भिंतीला टेकवलं.

“ते पोर आता जन्मभर माझं तोंड पाहणार नाही, ओरेस्ट,” ग्रँट म्हणाला. “तू शिकवलंस ते शब्दन् शब्द त्याला बोललो.”