एक बटण, एक धागा

चादरीवरच्या मोराची मान दरवेळी त्याच जागी मोडत होती. आज नक्षी जमली नाही, तर मालक माग भंगारात देणार होता. विणकर नरसय्याच्या लेकीनं मोटर बंद केली, मागाच्या कंट्रोलरला लॅपटॉप जोडला आणि नक्षीच्या प्रोग्राममधली चूक शोधणारा डीबगर उघडला. “नायना,” ती वडिलांना म्हणाली, “चाक हातानं फिरवा. बटण दाबलं, की प्रोग्राम एकच पाऊल टाकून थांबेल.” “दोन धाग्यांमधी माग कधी थांबतो व्हय गं?” नरसय्या हसला. पण माग थांबला. एक बटण, एक आडवा धागा, मग शांतता. चाळीस वर्षं खडखडाट ऐकलेला नरसय्या वाकून बघत राहिला. एकाएकी ओरडला, “थांब! हा उभा धागा उगीच उचललाय!” लेकीनं प्रोग्राममधला तिथला आकडा सुधारला, मान सरळ उतरली. ती मोटरकडे वळताच त्यानं हात धरला. “बटणच दाब. हजारो मोर विणले, एकाचाबी डोळा उघडताना बघितला नाही.”