बाराचा उजेड

दक्षिण फ्रान्समधल्या त्या गावात सुट्टी घालवून घरी परतलेल्या डच वाउटरने ओदीलबाईंचा फोटो फेसबुकवर टाकला आणि खाली सल्ला दिला: ‘फाटक उघडंच असतं. बरोबर बाराला जा. म्हातारी अंजिराखाली एकटीच जेवत बसते. उजेड काय सुंदर असतो!’

तेव्हापासून फोटो काढायला येणाऱ्यांमुळे ओदीलबाईंना एक घास सुखाने खाता येईना. एका पाहुणीने तर ताटातला मासा जरा कॅमेऱ्याकडे वळवायला सांगितला.

“अगं, कुलूप ठोक की फाटकाला,” शेजारीण रेजीन म्हणाली. वाउटर तिच्याच घरी भाड्याने उतरला होता.

“आईच्या काळापासून ते फाटक उघडं आहे. लोकांनी लाज सोडली म्हणून मी कुलूप लावू? हट्! तू मला फक्त त्याचा पत्ता दे.”

ऑक्टोबरात ओदीलबाई आगगाडीने हॉलंडला जाऊन आल्या आणि त्यांनीही एक फोटो टाकला.

 

‘पत्ता खाली दिलाय. खिडकीला पडदे नसतातच. बरोबर आठला जा. टकला चड्डीवर एकटाच न्याहारी करत बसतो. उजेड काय सुंदर असतो!’