शपथेचं पदक

ट्रेमधला एक खळगा रिकामा होता.

पुरुषोत्तमने ट्रे दिव्याखाली धरला, मखमल चाचपली, टेबलाखाली वाकून पाहिलं. बेसमेंटमधल्या या खोलीत त्याच्याखेरीज कोणी येत नसे. ऑफिसमधून आला की चहाचा कप घेऊन तो खाली उतरायचा, तो थेट जेवायलाच वर यायचा. डेट्रॉइटमधल्या त्याच्या पहिल्या आयरिश साहेबाने निवृत्त होताना त्याला एक पेनी दिली होती, कोंबडी आणि तिची पिल्लं असलेली. तिथून वेड लागलं. बैल, घोडा, मासा असलेली आयरिश नाणी. तोफा वितळवून त्या पितळेतून पाडलेली तीनशे वर्षांपूर्वीची नाणी. कुठकुठल्या समारंभांची पदकं. नोव्हाय या त्यांच्या उपनगरातले मराठी लोक हसायचे. हसोत.

गेलं होतं ते शपथेचं पदक. जुन्या काळी आयर्लंडमध्ये दारू सोडायची शपथ घेणाऱ्याला ते मिळायचं. फिक्या धातूचं, कडेने शपथेचे शब्द कोरलेले, दोरीसाठी पाडलेलं भोक वापरून वापरून रुंद झालेलं. शनिवारी नाणी जमवणाऱ्यांच्या क्लबच्या प्रदर्शनात तो ते मांडणार होता.

चोर कोण, याचा विचार करायची त्याला गरजच पडली नाही.

“वीर!” जिना चढता चढताच तो ओरडला.

वीर, त्याचा चोवीस वर्षांचा मुलगा, किचनमध्ये कांदा चिरत होता. शैलजा ओट्याशी पोळ्या लाटत होती.

“माझं मेडल कुठाय?”

वीरने आईकडे पाहिलं, मग बापाकडे. “मी घेतलं, बाबा. आय विल गिव्ह इट बॅक.”

“आण. आत्ताच्या आत्ता.”

“आत्ता नाही देता येणार.”

पुरुषोत्तमच्या डोक्यात तिडीक गेली. फेब्रुवारीत तो नाण्यांच्या शोसाठी शिकागोला गेला होता, तेव्हा शैलजाची गाडी शेजाऱ्यांच्या मेलबॉक्सवर आदळली होती. मी चालवत होतो, वीर म्हणाला होता. सीटला दारूचा वास येत होता. मग उन्हाळ्यात लाँड्री रूममध्ये डिटर्जंटच्या डब्यामागे व्होडकाची बाटली सापडली. माझी आहे, वीर म्हणाला. या सगळ्याच्या आधीच शिकागोतली चांगली नोकरी सोडून तो घरी राहायला आला होता. का, विचारलं की खांदे उडवायचा. आता पुरुषोत्तमला कारण विचारायची गरज नव्हती.

“दारूच्या शपथेचं मेडल एका दारुड्याने चोरावं!” तो म्हणाला. “विकलंस का रे? का कुठल्या बारमध्ये ठेवून आलास?”

“विकलं नाही.”

“तुझ्या आईकडे बघ एकदा. हात बघ तिचे, कसे थरथरतायत. तुझ्यापायी झालंय हे.”

“बघतोय, बाबा,” वीर म्हणाला. “मी कधीपासून बघतोय.”

“उलट बोलू नकोस! शनिवारपर्यंत मेडल जागेवर आलं नाही, तर तू या घरात दिसता कामा नये.”

शैलजाच्या हातून लाटणं सुटलं. “अहो, ऐका ना, मी...”

“आई, नको,” वीर पटकन म्हणाला. “लेट इट गो.”

“तू मध्ये पडूच नकोस,” पुरुषोत्तम तिला म्हणाला. “तूच लाडावून ठेवलंयस याला.”

त्या दिवशी त्याने जेवणाचं ताट तसंच ठेवलं आणि तो पुन्हा खाली गेला. वर कोणी रडतंय असं त्याला वाटलं. रडू दे. रडायची वेळ खरं तर त्याची होती. कंपनीत माणसं कमी करणं चाललं होतं, कोणाची पाळी कधी येईल सांगता येत नव्हतं, आणि घरी हा दिवटा.

गुरुवारी शैलजा मैत्रिणीकडे, सीमाकडे भजनाला जायची. गाडी आदळल्यापासून तिने ड्राइव्ह करणं सोडलं होतं, त्यामुळे नेणं-आणणं वीरकडेच होतं. त्या गुरुवारी ऑफिसमधून येताना पुरुषोत्तम सिग्नलला थांबला, आणि पलीकडच्या चर्चच्या आवारात त्याला वीरची गाडी दिसली.

आईला सोडून हा इथे काय करतोय?

तो आत वळला. बाजूच्या दाराला पाटी होती: दारू सोडू इच्छिणाऱ्यांची सभा, कोणीही यावं.

क्षणभर त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट राग आणखीच भडकला. परक्यांसमोर कबूल करायला याला तोंड आहे, बापासमोर नाही. आणि माझं मेडल मिरवत शपथ घ्यायला आलाय. तो दाणदाण पायऱ्या उतरून तळघरात गेला.

घडीच्या खुर्च्यांवर माणसं बसली होती, बहुतेकांनी कोट अन् टोप्या अजून काढल्या नव्हत्या. वीर शेवटच्या रांगेत होता. बापाला पाहताच त्याचा चेहरा पांढरा पडला.

“बाबा, प्लीज,” तो कुजबुजला. “तुम्ही बाहेर जा. मी घरी सगळं सांगतो.”

“घरी नको. इथेच सांग, सगळ्यांसमोर.” पुरुषोत्तम त्याच्या शेजारच्या खुर्चीत धपकन बसला. “मी ऐकूनच जाईन.”

“बाबा, आय ॲम बेगिंग यू.”

समोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गोऱ्या माणसाने विचारलं, आता कोणाला बोलायचंय?

“ऊठ,” पुरुषोत्तमने वीरला कोपराने ढोसलं. “ऊठ की! आता का पाय लटपटतायत?”

वीर उठला नाही. त्याने दोन्ही हातांनी बापाचं मनगट घट्ट धरलं.

पहिल्या रांगेतली एक बाई उठली. तिने डोक्यावरचं हूड मागे सारलं, खुर्चीच्या पाठीचा आधार घेतला; तिच्या बोटांतून दोरीत ओवलेलं फिक्या धातूचं पदक लोंबत होतं.

“माय नेम इज शैलजा,” ती म्हणाली, “अँड आय ॲम ॲन अल्कोहोलिक.”