मोकळा गेम

दहा वर्षांच्या सृष्टीच्या जुन्या बंदुकीच्या गेममध्ये एकच बोळ होता. दोन्हीकडं भिंती, गोळ्या झाडत सरळ पुढं जायचं. तिच्या आईला, दीपमालाला, तो त्यातल्या त्यात बरा वाटायचा. पोरगी भरकटायची धास्ती नव्हती. मग दीपमालाचा भाऊ इंद्रजित सुट्टीला कळंबला आला आणि त्यानं मोबाइलवर नवा गेम टाकून दिला. "ताई, लई मोकळाय हा. डोंगर, नदी, गावं, कुठं बी जा!" तेव्हापासून दीपमालाचं लक्ष भाकरीवर कमी, मोबाइलवर जास्त.

आठव्या दिवशी इंद्रजितनं डोकावून पाहिलं. सृष्टीचा सैनिक बंदूक घेऊन पहिल्याच घराच्या अंगणात घिरट्या घालत होता.

"अगं, आठ दिस झाले की! फाटक उघडंय, जा ना भाईर."

"आईला विचारलं न्हाय अजून, मामा."

इंद्रजित पोट धरून हसला. दीपमाला मात्र पिठाचे हात पुसत लेकीजवळ बसली.

"जा बाळा. पाहिजे तिकडं जा."

सैनिक फाटकाबाहेर पडला.



"पण त्या नदीवरच्या पुलाच्या पुढं नको. आणि दिवस मावळायच्या आत घरी ये."