जट

सासूबाई छबुबाई कीर्तनाहून परतायच्या आत वनमालाला लेकीच्या केसांतला गुंता सोडवायचा होता. ऊसतोडीवर असताना रोहिणीच्या दाट, कुरळ्या केसांचा मागे पार गोळा झाला होता. “जट हाय ती. पोरगी आता देवीची. हात लावायचा न्हाई,” छबुबाईंनी बजावलं होतं. वनमाला एकेक बट वेगळी धरून टोकापासून वर कंडिशनर चोळून कंगवा फिरवत होती, तोच दार वाजलं. कंगवा हातातून गळाला.

छबुबाईंनी तो उचलला. “म्हाराज म्हनले, देव भावाचा भुकेला, केसाचा न्हाई.” मग नातीच्या मानेमागं बोट फिरवलं. “हितं कोरडंच राहिलंय की गं!”

त्यांनी डोक्यावरचा पदर खाली घेतला. लहानपणापासूनची जट पाठीवर लोंबली.

“हिचं झालं, की माझ्याबी लाव.”