अंगाच्या मापाची नाव

सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर टेकवलेल्या नावेच्या सांगाड्यात लेक पाय पसरून बसली. अजून कापड चढलं नव्हतं, नुसत्या लाकडी फासळ्या. तिच्या गुडघ्याखाली जोर नव्हता, पण कंबर तिचं ऐकत होती. बापाने सांगाडा हळूच कलता केला. लेक ओंडक्यासारखी एका कडेला घरंगळली.

"सैल आहे बाबा. पाण्यात कलंडले तर नाव एकीकडे, मी दुसरीकडे."

"लांबी तुझ्या पसरलेल्या हातांच्या तीन वावा, रुंदी तुझी कंबर आणि दोन मुठी," बाप पुटपुटला. "चुकलं कुठे? कंबर कुणी मोजली?"

"मी," आई दारातून म्हणाली. सबंध गल्लीचे कपडे शिवून तिची बोटं वाकडी झाली होती. "दोन्हीकडे दोन-दोन बोटं जास्त धरली. पुढे अंग सुटलं तर?"

"आई, हा काय शाळेतला फ्रॉक आहे?"

"हस तू. पण नाव घट्ट बसली आणि उलटली, तर बाहेर कशी येशील?"

"यायचंच नाही बाहेर. कंबरेला हिसका दिला की नाव माझ्याबरोबर सरळ होते. सैल असली तर मला ती हलवताच येणार नाही. मग माझी चाकाची खुर्ची काय वाईट आहे?"

आई खडू घेऊन वाकली. लेकीच्या कंबरेला तिच्याच मुठी दोन्हीकडून टेकवल्या, बाहेरून खुणा केल्या आणि नवऱ्याला म्हणाली, "असंच काप. बोटभरही जास्त नको."

आडव्या पट्ट्या आखूड झाल्या. फासळ्या वाफेवर पुन्हा वाकल्या. कापड आईनेच ताणून शिवलं, पाणी झिरपू नये म्हणून वर रोगण चढलं.

तळ्याच्या काठाशी बापाने लेकीला उचलून आत बसवलं. आई घोटाभर पाण्यात उभी, नावेवर तळवा टेकवून. लेकीने कंबर जराशी हलवली, तशी नाव कलली आणि परत सरळ झाली. पार पुढचं टोकसुद्धा. नंतर लेक नुसती श्वास घेत राहिली आणि कापडाखाली काहीतरी हललं, थांबलं, पुन्हा हललं. आईला ते ओळखीचं होतं. लेक व्हायची होती, तेव्हा तळवा स्वतःच्या पोटावर असायचा.

"सोड की गं आता," लेक म्हणाली.

आईला हात उचलवेना. लेकीने वल्हं मारलं, आणि नावच त्या हाताखालून सरकत गेली, शेवटच्या टोकापर्यंत.