दारालगतची जागा

"अजून एकाचं सामान यायचंय," बुकिंगवाला म्हणाला. "ते आलं की गाडी सुटली."

रोपवाटिकेचा मालक सकाळपासून हेच ऐकत होता. आख्खा ट्रक करणं त्याच्या आवाक्यात नव्हतं, म्हणून पाचसहा जणांच्या मालात त्याने आपल्यापुरती जागा घेतली होती. त्याची कलमं ट्रकच्या पोटात, पुढे रंगाचे डबे आणि पाइप. वर पत्रा तापत होता. वर्षभराची मेहनत आत उकडत होती आणि त्याला साधं पाणीही मारता येत नव्हतं.

"मग माझी कलमं तरी उतरवा."

"त्यासाठी सगळ्यांचा माल काढावा लागेल. हमाल मला उचलून फेकतील!"

"उद्या सकाळी रोपं पोचली नाहीत तर बागवाला दुसरीकडून घेणार आहे हो."

"मी तरी काय करू, दादा? घरसामान आहे, पहिल्याच थांब्यावर उतरायचंय. म्हणजे सगळ्यात शेवटी, दारालगत भरायचं. जागा धरलीय, सोडून कसा जाऊ?"

"फोन करा ना त्यांना!"

"केला. बाई म्हणतात, घरी जरा अडचण आहे."

"अडचण! त्यांना सांगा, इथे एका माणसाचा संसार सुकतोय."

बुकिंगवाल्याने निमूटपणे तसा निरोप दिला. तसा तो भला होता, पण भलेपणाने गाडी हलत नाही.

मालक येरझाऱ्या घालून थकला. बसायला गेला तर खुर्चीचा हात निखळलेला. त्याने खिशातून कलमं बांधायची हिरवी पट्टी काढली आणि हात घट्ट बांधून टाकला. ही पट्टी कायम त्याच्या खिशात असायची. घरीही काही मोडलं की तो तीच गुंडाळायचा. बायको आधी हसायची, हल्ली बघायचीही नाही.

तिची आठवण झाली तसा त्याने घरी फोन लावला. एरवी मागे तिच्या शिवणयंत्राची खडखड असायची. आज घर शांत होतं.

"मी इथेच अडकलोय. जेवायला वाट बघू नकोस."

"येणारच नाही का?"

"गाडी सुटेपर्यंत हलत नाही मी इथून. कुणीतरी बया सगळ्यांना ताटकळत ठेवून बसलीय."

ती म्हणाली, "तुम्ही काही खाल्लंत का?"

"माझ्या खाण्याचं काय घेऊन बसलीस? तिकडे झाडं मरतायत!"

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याने ड्रायव्हरला चहा पाजला, हमालांना पाजला. ट्रकच्या फटीला नाक लावून ओल्या मातीचा वास येतो का पाहिलं. येत नव्हता. त्याला रडू कोसळायच्या बेतात होतं, पण चारचौघांत रडणार कसं?

तेवढ्यात बुकिंगवाला हाक मारत आला. "दादा, नशीब काढलंत! सामान निघालंय. बाईंची अडचण मिटली म्हणे."

टेम्पो आला तेव्हा हमाल जेवायला गेले होते. मालक थांबतोय कशाला! तो स्वतःच ट्रकवर चढला. टेम्पोवाला एकेक नग वर देत गेला आणि तो दारालगत रचत गेला. एक गादी, गोणपाटात शिवलेली दोन गाठोडी, भांड्यांचं खोकं. एवढंच? एवढ्याशा सामानावर कुणी नवा संसार मांडतं का? दिवसभर जिला शिव्या घातल्या, त्या बाईची त्याला पहिल्यांदाच कीव आली. वाटेत काही आदळू नये म्हणून त्याने खोक्याला गादीचा टेकू दिला.

"हे शेवटचं. जड आहे, सांभाळून घ्या," टेम्पोवाला म्हणाला.

त्याने ते दोन्ही हातांनी वर ओढलं. गोणपाट सरकलं. आत शिवणयंत्र होतं, आणि त्याच्या मोडक्या पायाला हिरवी पट्टी गुंडाळलेली होती.